पिन जाड की बारीक

जेल रोडवर, पंख्यांच्या दुकानावरच्या माडीत
हकीमुद्दीननं विचारलं, "मॉडल कौन-सा है, आंटी?"
मी म्हटलं, काला.
तो म्हणाला, "काले तो सब हैं."

मग सांगत बसले, जरा जाड आहे, स्वभावानं शांत,
उघडताना डावीकडून कुरकुरतो,
चालू करायच्या बटणावर लाल टिकली आहे,
मला बटण सापडेना म्हणून पल्लवीनं लावलेली.
पुढं तिचं भरूचला जमवलं. मुलगा केमिकलमध्ये.
त्यानं झाकणावरच्या चार अक्षरांवर बोट ठेवलं:
"ये तो खानदान हुआ. नाम बताइए."

मी कुमुद महाशब्दे.
एकवीस वर्षं लोकमान्य नगरात
वधू-वर सूचक मंडळ चालवते.
कुणाची नाडी मध्य, कुणाचा मंगळ सौम्य,
देवासच्या चिंचाळकरांचा धाकटा
फोटोपुरता चष्मा काढतो,
सगळं तोंडपाठ.
आणि सहा वर्षं उशाशी निजणाऱ्या यंत्राचं नाव
कधी विचारावंसं वाटलं नाही.

सुरू असता तर दोन बटणं दाबून
त्यानंच सांगितलं असतं म्हणे.
पण चार्जर जळाला म्हणून तर आले होते.
नाव सांगायला जीव हवा,
आणि जीव यायला आधी नाव.

उलटा केला. पोटावरचा कागद पांढराफटक.
रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची मी,
खालचासुद्धा, क्रोशाच्या रुमालावर ठेवण्याआधी.
एवढ्या काळजीतून वाचलं ते फक्त "पंधरा"
आणि पुढं अर्धी रेघ.
मिळालं, मी म्हटलं.
"वो तो क़द हुआ."

उंची! उंचीत मला कुणी फसवत नाही.
प्रत्येकजण एक इंच वाढवून सांगतो, मी मनात कापून घेते.

त्यानं दोन खटके सरकवले, बॅटरी उचलली.
काखेतला तीळ दिसावा तसा
आत एक कागद, कोरा करकरीत.
पंधरा, रेघ, के, मग शून्य आहे की ओ
यावर दोघांनी चष्मे पुसले,
त्यानं मोबाइलचा दिवा धरला,
खालून चहावाला पोरगा आला तो म्हणाला शून्य,
म्हणून शून्य.

नंबराच्या खाली, अगदी बारीक, साल होतं.

भाचा श्रीपाद पुण्याला जाताना देऊन गेला होता,
अकरा हजार घेतले, "दोनच वर्षांचा आहे मावशी, एकहाती."
बोटांवर मोजलं. परत मोजलं.
तेव्हाच पाच पूर्ण होती.
वय चोरलं होतं.

राग यायला हवा होता.
पण याच कळफलकावर मी एकदा
चौतिसाच्या जागी एकतीस टाइप केलंय,
समोर मुलीची आई
पर्सच्या चेनशी खेळत बसली होती, वर बघत नव्हती.
आणि यानं निमूट होऊ दिलं होतं टाइप.

"मोटी पिन लगेगी. दिल्ली से आएगा, चार दिन."
मिल तो जाएगा ना, मी विचारलं,
आणि माझाच आवाज मला ओळखीचा वाटला,
दर रविवारी आया माझ्यासमोर बसून
याच आवाजात विचारतात.
पेचकसानं खटका नीट बसवत
मान वर न करता तो म्हणाला,
"पुराने का भी निकल आता है."

राजवाड्यापासून ई-रिक्षात, पिशवी मांडीवर,
वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.
धक्क्यांनी अक्षर वाकडं आलं.
नाव, तो पूर्ण नंबर, शून्यासकट.
उंची पंधरा इंच, पडताळलेली.
रंग गव्हा, इथं हात थांबला,
खोडलं. काळा.
जन्मसाल, कागदावर आहे तेच.
खूण, टिकली.
अपेक्षा: जाड पिन.