कंस पुसू नयेत

कर्कटकाचा स्क्रू नववीतच ढिल्ला झाला.
माझ्याआधी तो ताईचा, तिच्याआधी श्रीनिवासदादाचा;
पेटीच्या झाकणावर अजून त्याचंच नाव,
खिळ्यानं कोरलेलं, त्यातला 'नि' उलटा.
मी निघायचे एका बिंदूतून
आणि फिरून पोचायचे त्याच्या जरा बाहेर.
ज्वारीच्या दाण्याएवढी फट.
हत्तुरे सर वही डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचे,
"चूक कर्कटकाची आहे गं,
पण मार्क तुझे जातील."

अम्मानं ते यंत्र उलटंपालटं करून पाहिलं.
सुपातला विडीचा दोरा घेतला,
पेन्सिलीच्या गळ्याशी सात वेढे,
टोक नखानं आत दाबलं, दातानं तोडलं.
झालं.
विडी घरकुलातल्या अख्ख्या शाळेत
तंबाखूचा वास येणारी वर्तुळं
फक्त माझी.

सरांचा कर्कटक लाकडी, हातभर लांब.
त्याचा खिळा दरवर्षी फळ्याच्या त्याच भोकात.
किती तुकड्यांचं केंद्र ते एकच,
बोट घातलं तर पेरभर आत जायचं.
"रेषाखंडाच्या निम्म्याहून जास्त अंतर घ्या,"
सर सांगायचे, आणि वर्गाचे पत्रे
फेब्रुवारीतच तडतडायला लागलेले,
"निम्म्याहून कमी घ्याल
तर कंस जन्मात भेटायचे नाहीत."

अण्णांचा माग सातला थांबायचा,
माझी शाळा सातवीसला भरायची.
कारखान्यापासून घर
आणि घरापासून शाळा,
मधे एक चहाची गाडी.
ते रोज निम्म्याहून जास्त चालून यायचे, बहुतेक पळत,
भुवयांवर कापूस,
हातात माझ्यासाठी अर्धा बनपाव.
काही बोलायचे नाहीत. कान बधिर असायचे अजून.

मग एकदा सरांनी केंद्र हरवलेलं वर्तुळ दिलं.
बांगडी ठेवा, कडेनं पेन्सिल फिरवा,
आता मधला बिंदू शोधून दाखवा.
अम्मानं साबण लावून हिरवी बांगडी उतरवली,
"फुटली तर तुलाच भरायला लावीन."
मी दोन जीवा घेतल्या,
दोघींचे लंबदुभाजक,
दोन रेषा एकमेकींना ओलांडून गेल्या
आणि तिथं बिंदू दिला, नाव दिलं, ओ.
दाखवायला नेलं तर तिनं त्या बिंदूवरच बोट ठेवलं.
"हां. इथंच दुखतंय बघ.
पानं कापताना, बरोब्बर इथं."

नंतर तिला ते कंस दिसले,
वर-खाली फुलीसारखे, मांजराच्या मिशा.
"हे कसलं? पुसून टाक, घाण दिसालंय."
तिनं बोट ओलंसुद्धा केलं.
मी वही ओढून घेतली.
"अम्मा, पुसायचे नसतात. सर तेच बघतात.
कसं काढलं ते दिसलं पाहिजे. त्याचेच मार्क."

ती बराच वेळ काही बोलली नाही.
पंचविसाचा एक कट्टा बांधला,
दुसरा बांधला.
"आमचा चेकर," शेवटी म्हणाली,
"छाट तेवढी काढतो. दीडशे, कधी दोनशे.
कसं काढलं ते नाही विचारत."
आणि तेंदूच्या पानावर पत्रा ठेवून
कात्री चालवली चारी बाजूंनी,
न बघता,
एकावर एक ठेवली तर केसाचाही फरक नाही
अशी.

परीक्षेत स्पर्शिका आली होती.
हात घामेजले, दोरा एक वेढा सरकला,
आणि तीच ती फट,
या वेळी तिळाएवढी.
रबर बाकावर होतं. मी ते पेटीत टाकलं
आणि झाकण लावलं.
कंस ठेवले. सगळे. एक चुकीचा होता,
तोही.

घरी आले तर अम्मानं मान वर न करता विचारलं,
"कलिसिंदा?"
भेटलं का टोकाला टोक.
जवळजवळ, मी म्हटलं.
दोरा तिच्या दातात होता,
त्यामुळं हसली की नाही
ते कळलं नाही.