चुकीची नावं

नाताळ सरला की आमच्या खाडीत सोंगं निघतात.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला, बारा रात्री.
उशीच्या अभ्र्याला दोन भोकं,
नाहीतर जाळीचा जुना पडदा तोंडावरून,
पाठीवर लोडाचं कुबड,
बाप्यांच्या अंगात बायकांचे परकर,
बूट मुद्दाम उलट पायांत.
आणि बोलायचं ते श्वास आत ओढत,
म्हणजे आवाजानेही सोंग घ्यावं.
घरच्यांनी ओळखायचं.
नाव बरोबर आलं की पडदा वर,
मग आत या, बसा, रमचा पेला, मनुकांचा केक,
आणि माझ्या लादीवर वितळलेल्या बर्फाचा चिखल.
हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही,
त्यामुळे खोडताही आलेला नाही.

यंदा दुकानाच्या दारावर कागद लागला: एका वेळी दोघेच.
फिलोमिनाने उरल्यासुरल्या कापडाचे दीडशे मास्क शिवले,
सगळे एकाच निळ्या फुलांचे.
हेडली म्हणाला, आता काय, गावात रोजचीच सोंगं,
फक्त कुणी कुणाकडे जायचं नाही.
हसलो आम्ही.
घरी येऊन मी हात धुतले आणि मग नाही हसले.

अँब्रोजची अर्धी फुफ्फुसं खाणीने आधीच नेली.
उरलेल्या अर्ध्यावर तो चुलीजवळ बसून रेडिओ ऐकतो,
आधी दिवसाचे आकडे, मग समुद्राचं हवामान.
हवामानाला तो अजून मान डोलावतो,
जशी काही पहाटे बोट काढायचीच आहे.

पाचव्या रात्री काठी वाजली.
दारावर नाही, खिडकीच्या चौकटीवर.
बाहेर कंदील, बर्फ, चार सोंगं,
एकमेकांत एकेका होडीचं अंतर.
एकाच्या गळ्यात अकॉर्डियन, बोटांत लोकरीचे हातमोजे,
त्यामुळे निम्मे सूर चुकत होते.
अँब्रोजने खुर्ची ओढत ओढत काचेशी आणली.
काच बंद. श्वास ऐकू येईना.
चालीवरून ओळखायचं.
लिअँडर! तो ओरडला, गुडघा बघ कसा झटकतो!
लिअँडरने पडदा उचलला, तिथूनच वाकून नमस्कार केला,
कुंपणाच्या खांबावर मी ठेवलेला
मेणकागदातला केक खिशात घातला
आणि पुढच्या घराकडे वळला.
वर्नाही सापडली. फादर कॅविन तर लगेच.
चौथी सापडली नाही, ती फुशारकीने नाचतच गेली.

मग लाकडांच्या ढिगाआड पाचवं दिसलं.
सगळ्यांहून लांब.
माझा हिरवा जुना कोट, पावाच्या पिठाची पिशवी डोक्यावर,
डावा खांदा जरासा उतरता.
नऊ वर्षांचा असताना शिडीवरून पडला होता तो खांदा.

अकरा दिवस झाले गार्लंडला येऊन.
आल्बर्टाहून तीन विमानं, मग फेरीबोट, मग
धक्क्यावरच्या जाळ्यांच्या खोपटात एकटा.
मी रोज सूपचा डबा पिंपावर ठेवते आणि वीस पावलं मागे येते.
तो हात हलवतो. मी झाकण घट्ट लाव म्हणून ओरडते.
चौदातले तीन दिवस बाकी.

अँब्रोजने तोंड उघडलं.
मी त्याच्या हातावर हात दाबला.
ओळखलं की पडदा वर. ओळखलं की आत घ्यायचं.
आणि आत घेणार नाही, असं म्हणायला
या घराला कधी शिकवलंच नाही.

हेडलीची बायको! मी ओरडले.
पिशवी हलली: नाही.
पोस्टमास्तर! नाही.
लिअँडरचा बाप! तो सहा वर्षांपूर्वी वारला.
आता अँब्रोजच्या ध्यानात आलं.
त्याने बुडालेल्या बोटींची नावं सुरू केली,
मग आमच्या मेलेल्या कुत्र्याचं,
मग खोकला आला, तो ओसरेपर्यंत थांबून
पोपसाहेब! म्हणाला.
बाहेर पिशवी हसत होती, खांदे दोन्ही हलत होते,
एक जरा खाली.

मग ते सोंग उलट्या पावलांनी मागे मागे गेलं,
कंदील नसलेल्या बाजूला.

सकाळी ढिगापाशी ठसे होते,
डावा बूट उजवीकडे, उजवा डावीकडे.
फावडं घेऊन गेले होते, दुसरीकडचा बर्फ काढून आले.
अँब्रोजने विचारलं, केक नेला का त्याने?
नाही, विसरला.
मग सूपबरोबर पाठव, तो म्हणाला, जाडसा कापून.

बोटांवर मोजलं मी.
तीन दिवसांनी आठवी रात्र.
बारातल्या चार उरतात.