डोळे मिचकावा

कळव्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात
पिठाच्या डब्यावर लॅपटॉप,
त्यात परिषदेचं पोर्टल,
आणि ओट्याला टेकून मी,
नोंदणी विभाग, वरिष्ठ लिपिक, सव्वीस वर्षं.

शिक्का दालनाबाहेर न्यायचा नाही, असा नियम.
मार्चमध्ये मी तो जेवणाच्या डब्यातून घरी आणला,
लोणच्याच्या कप्प्यात.
काही उपयोग झाला नाही.
आता सही म्हणजे बोटाएवढी काडी,
खोचली की हिरवा दिवा लागतो.
गोल जांभळा शिक्का फडताळात
मुलाच्या जुन्या रंगपेटीशेजारी वाळतोय.

परिपत्रकं येतात, रात्री साडेअकरालासुद्धा.
नूतनीकरणाला मुदतवाढ. विलंबशुल्क माफ.
प्रशिक्षणाच्या तासांची अट शिथिल.
निवृत्त झालेल्यांना परत घ्या.
परराज्यातल्यांना तात्पुरता क्रमांक द्या, तोही आजच.
ज्या नियमापायी मी बायकांना
नांदेडहून दोन-दोनदा यायला लावलं
तो एका ओळीत गेला.
मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू,
आधी नियमाचंच वाटलं.

मग चेहरे.
मास्क काढा. कॅमेऱ्याकडे बघा. डोळे मिचकावा.
समोर माणूस आहे, फोटो नाही,
एवढं तरी यंत्राला पटावं लागतं.
रोझम्मा कुरियन, नाकावर चिकटपट्टी.
फरझाना मुजावर, जिन्यात बसलेली,
मागून कुणीतरी तिलाच हाका मारतंय.
सुमित्रा भोईर, खारेगाव, वय एकसष्ट,
नातवाच्या हातात फोन हलतोय.
तिचा अंगठा लागेना.
"सदतीस वर्षं हात धुतले, बाय,
रेषा ऱ्हातील कशाला?"
पोर्टल म्हणालं, ठसा जुळत नाही.
मी शेरा मारला: व्यक्तिशः ओळखते.
ओळखत नव्हते.

नंदुरबारची हौसा पाडवी तोंडी परीक्षेला
पाण्याच्या टाकीवर चढून बसली, रेंजसाठी.
उशी हा रुग्ण. भरताचं वांगं हा त्याचा दंड.
सुई किती अंशात?
नव्वद, म्हणाली, आणि वारा आला,
उशी खाली.
परीक्षक हसले. ती नाही हसली.
उतरली, रुग्णाला उचलून आणलं, धूळ झटकली,
मग पुढचं उत्तर.
गुणपत्रिकेत ह्याला रकाना नाही.

जुलैत यंत्राने आपणहून एक निरोप धाडला,
आपली नोंदणी संपत आली आहे, त्वरा करा.
उत्तर नवऱ्याचं आलं:
ती मंगळवारी गेली. शुल्क भरायचं आहे का?
पर्याय तीनच होते. चालू, खंडित, स्थलांतरित.
मी स्थलांतरित निवडलं
आणि बराच वेळ
खिचडी करपल्याचा वास येत राहिला.

ऑगस्टमध्ये ह्यांना बाळकुमला नेलं.
चौथ्या रात्री फोन वाजला, चित्रासकट.
पांढऱ्या झग्यावर मार्करने लिहिलेलं नाव,
निम्मं घामाने पुसलेलं, शेवटचं 'ता' तेवढं उरलेलं.
अनिता, सरिता, कविता, कोण जाणे.
चष्म्यावर वाफ. क्रमांक कुठेच नाही.
"काका, कॅमेऱ्याकडे बघा.
बोलू नका, नळी हलेल. नुसते डोळे मिचकावा,
काकू बघतायत."
ह्यांनी मिचकावले.
थोड्या वेळाने, परत एकदा.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
मी कुणाला मूळ प्रत मागितली नाही.
विचारलं ते भलतंच:
"जेवलात का तुम्ही?"
ती काहीतरी म्हणाली, आवाज तुटला,
ओठ तर दिसतच नव्हते.

पोर्टलकडे वळले तर
त्याने मला बाहेर काढलेलं,
बराच काळ निष्क्रिय राहिल्याबद्दल.
पुन्हा आत शिरायला परवलीचा शब्द,
आणि खाली एक रिकामा चौकोन:
मी यंत्रमानव नाही.

प्रलंबित अर्ज दोनशे चौदा.
पदराने डोळे पुसले,
चौकोनात खूण केली.