निव्वळ वजन

देवास नाक्याच्या पुढे
आमचा धर्मकाटा.
दिवसा इंदूर ट्रकांना आत घेत नाही,
म्हणून अख्खी दुपार इथे रांगेत उभी असते
हँडब्रेक ओढून,
मागच्या चाकाला दगड लावून.

मी काचेआड. पावत्या फाडते.
भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन,
वजाबाकी मशीन करतं.
मला उरतं ते बघणं.

नामक्कलचा पळनिसामी
गाडीच्या पोटाखाली साडीची झोळी बांधतो.
वर वीस टन साबुदाणा,
अख्ख्या माळव्याचे उपास,
खाली हा, पोटभर भात खाऊन,
एक पाय बाहेर.
टाचेची भेग मला इथून दिसते.
साडी कुणाची, कधी विचारलं नाही.
काठ मोरपंखी आहे.

दर्यावला दिवसा झोप लागत नाही.
तो बाहेरच्या आरशात दाढी करतो,
अर्धी झाली की घरून फोन येतो,
"हो, पोचलो," सांगतो,
कुठे, ते सांगत नाही.
अर्ध्या गालावरचा साबण वाळून जातो.

सुखपाल टूलबॉक्सवर कांदा चिरतो, जॅकच्या शेजारी.
कुणी बोअरिंगवर बनियन धुऊन बोनेटवर पसरतो,
घटकाभरात कडक.
कुणी स्टीअरिंगवर कपाळ टेकतो,
हॉर्न वाजणार नाही इतक्या बेतानं.

मालक फोनवर म्हणतात,
आठ तास गाडी उभीच आहे ना,
मग झाला की आराम.
गाडीचा झाला असेल.
हा तर झोपेतही टाकीचं झाकण मोजतो,
ताडपत्रीची दोरी, स्टेपनी,
आणि पुकारा.
कुठूनही नंबर पुकारला जाईल
आणि चुकला तर उद्या.

मेच्या अखेरीस एकदा
यमुनानगरचं प्लायवूड काट्यावर चढलं.
इंजिन बंद झालं. आकडा थरथरला, स्थिर झाला.
गाडी उतरेना.
मी माइकवरून बोलले. दोनदा.
क्लीनर पोरगा खिडकीशी आला, भूऱ्या त्याचं नाव,
ओठावर मिसरूडही नाही.
"ताई, उस्तादला डोळा लागला.
दोन रात्री झाल्या. उठवू?"
विचारताना त्याचा हात
दारावर होता आणि नव्हताही.

मागे चार गाड्या. हॉर्न. "ओ भिया, सरकाओ!"

मी मेन स्विच खाली केला.
पुठ्ठ्यावर लिहिलं: काटा बंद आहे.
पंखाही बंद पडला, तेव्हा लक्षात आलं.

मागचे शिव्या देत उतरले, केबिनमध्ये डोकावले,
मग आवाज खाली आले.
कुणीतरी ओला पंचा समोरच्या काचेवर टाकला.
सुखपाल आपल्याच गाडीला दटावल्यासारखा बोलला,
"चूप."

काट्याचं सगळ्यात लहान माप दहा किलो.
माणसाचा श्वास त्यात धरत नाही,
चालू असता तरी दिसला नसता.
तरी मी काळ्या पडलेल्या आकड्यांकडेच बघत बसले.

पंचवीस मिनिटांनी हरलाल उठला.
भेदरून. किल्ली फिरवायच्या आधी
खिडकीतून ओरडला, "किती झालं?"
मी वजन सांगायला गेले,
मशीन तर बंद.
त्याला वेळ विचारायची होती.

पावती दिली तेव्हा त्यानं ती वाचली नाही.
पैसे मोजून दिले, मग पुन्हा मोजले,
जणू काही जास्तीचं द्यायचं राहिलंय.
भूऱ्यानं दगड उचलला,
पळत पळत गाडीत चढला.

संध्याकाळी दिरांनी वही चाळली.
"साडेतीन ते चार एकही पावती नाही?"
"लाइट गेली होती."
"पलीकडे पंक्चरवाल्याकडे तर होती."

मी म्हटलं,
असेल.