चतुःसीमा

कोर्टाच्या तळघरात मंगळवारी गर्दी नसते.
ड्वेन आता मला नाव विचारत नाही,
सुती हातमोज्यांचा जोड नुसता पुढे सरकवतो
आणि म्हणतो, पेन्सिल. पेन नाही.

अकरा वर्षं मी एका खरेदीखताच्या मागे आहे.
थिओफिलस पॅडगेट, चार वर्षांच्या करारावर
मेरीलँडच्या चिखलात उतरलेला तंबाखूचा गडी:
ही आमची पहिली पायरी, तिच्याखाली समुद्र.
वडील सांगत, पन्नास एकर होती, खाडीला लागून.
सांगताना हात असे पसरत
की टेबलावरची मिठाची बरणी पडे.

पन्नास एकर सापडली नाही.
तो सापडला गर्व्हेस हॉलिसच्या कागदात, सोळाशे त्र्याऐंशी:
आरंभ खाडीच्या मुखाशी, तीन खाचांच्या पांढऱ्या ओकपासून,
उत्तरेस दलदल, पश्चिमेस लिहून घेणाराचीच जमीन,
पूर्वेस पॅडगेटचं कुंपण.
बस्स. दोन शब्द.
माझा मूळपुरुष म्हणजे दुसऱ्याची पूर्व.

मग मी पॅडगेट शोधणं सोडलं, शेजारी धरले.
सोळाशे एक्क्याण्णव: पूर्वेस, जिथे पूर्वी पॅडगेट राहत असे.
सतराशे दोन: पूर्वेस 'पॅडगेटचा खुळेपणा' नावाचा तुकडा,
हल्ली मालक हॉलिस.
नाव जमिनीला चिकटलं, माणूस गळून पडला.
ओकही कागदागणिक म्हातारा होत गेला,
खाचांचा ओक, वठलेला ओक, ओकचा बुंधा,
बुंध्याच्या जागी रोवलेला दगड,
आणि सतराशे साठात, शपथेवर, ऐंशीचा एक साक्षीदार:
लहानपणी बापाने मला नेमकं इथेच बडवलं,
दगड कुठे आहे ते जन्मभर विसरू नये म्हणून.

ते वाचून मी वर जाऊन कॉफी प्याले.

परतले तर ड्वेनने न मागता
हॉलिसच्याही आधीचा खंड काढून ठेवलेला.
लिहून देणार तिघे. कारकुनाने नावं कानावर पडली तशी उतरवली,
एकच नाव तीन ओळींत तीन तऱ्हांनी.
मोबदला सहा कोट, एक किटली.
निशाणी: कासव. निशाणी: धनुष्य.
तिसरी काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.
पूर्वेस कुणीच नाही. लिहिलंय, ओसाड.
आणि तळाशी एक अट,
अक्रोड वेचायचा, खेकडे धरायचा हक्क आमचा राहील,
सूर्यचंद्र असेतो.
पुढच्या एकाही खतात ही ओळ नाही.
कुंपण शोधलं तशीच मी तीही शोधली, दोन हिवाळे.
पॅडगेट निदान कुणाची तरी पूर्व होता.

टॅमसिन मात्र पहिल्याच दिवसापासून माझ्या हाताखाली होती,
मी पान उलटलं नव्हतं इतकंच.
हॉलिसच्या खताच्या पाठीवर: साक्ष,
टॅमसिन पॅडगेट, तिची खूण.
एक उभी रेघ, दोन तिरप्या,
ओल्या मातीत कोंबडी चालून गेल्यासारख्या,
आणि शेजारी शाईचा डाग, जिथे लेखणी घुटमळली.
कुणी वाचून दाखवलं असेल का तिला?
पूर्वेस तुमचं कुंपण, बाई, बरोबर ना?
मी हातमोजा काढला.
ड्वेन खोकला, पण दुसरीकडे बघत.

मागच्या रविवारी तिथे गेले, माप आणि होकायंत्र घेऊन.
दलदल आहे, उत्तरेसच.
बाकी खडी टाकलेलं पार्किंग, खेकड्यांच्या दुकानाचं.
मी पूर्वेला तोंड करून उभी राहिले बराच वेळ,
तेव्हा आतून एक पोरगा आला, ॲप्रनला हात पुसत:
मॅडम, जागा खाजगी आहे,
काही घेणार असाल तरच थांबा.

सहा घेतले.