अर्थ मिळत नाही

दारव्हा रोडवर, सरकीच्या गोदामापुढे माझं दुकान.
पाटीवरचा 'इलेक्ट्रिक' अर्धा उडालेला.
मे महिन्यात दुपारी बॉनेटला हात लावला
की कातडं तिथंच राहतं,
म्हणून जुन्या गाड्या मी रात्री घेतो.

तुळशीदास बोरकुटे ॲम्बेसिडर घेऊन आला,
बासष्टची, ढोरांच्या डॉक्टरची.
डॉक्टर जाताना ती ड्रेसरच्या नावावर करून गेले;
तीस वर्षं यानंच त्यांची बॅग धरली होती.
मडगार्डवर नातू बसलेला, हातात टॉर्च.
तोच हेडलाइट.

"काय होते?" मी विचारलं.
"काय नाही होत, ते इचार.
मोठे लाइट तं मेलेच.
ब्रेक दाबला का डावा इंडिकेटर जागते.
हॉर्न देल्ला का वायपर दचकते.
भूत हाय बाप्पा."

भूत नसतं. वायर असते.

होल्डरमधला एक बल्ब, त्याच्या दोन शेपट्या,
माझा टेस्टर एवढाच.
एक शेपटी बॉडीला चिमटायची,
दुसरीनं दारोदार विचारत जायचं :
इथवर आला का?
इथवर तरी?
फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी निघाली.
तपकिरी तार जिवंत. लाल जिवंत.
निळी मात्र उंदरानं सोललेली,
तुरीची शेंग सोलावी तशी, एका रेषेत.
जोड दिला, टेप गुंडाळली.
मोठ्या दिव्यांनी डोळे उघडले. बंद केले मी ते, बॅटरी वाचवायला.
ब्रेकचं भूत तसंच.

दहाच्या सुमारास गावाची लाइन गेली.
गिरणी घरघरत थांबली, मेडिकल विझलं,
कुणीतरी लांबून महावितरणाला शिवी दिली.
नातवानं टॉर्च लावला. म्हटलं, विझव.
आता दाब ब्रेक.
आणि पुढचे दोन्ही छोटे दिवे,
ज्यांचा ब्रेकशी काही संबंध नाही,
पेटले जरासे. तांबूस.
पाहुण्यांपुढे ढकललेल्या पोरासारखे.

करंट येत होता बरोबर.
परतायला वाट नव्हती त्याला,
म्हणून दुसऱ्याच्या अंगणातून जात होता
त्याची कडी वाजवत.

"अर्थ मिळत नाही," मी म्हणालो.
बोरकुटे हसला.
"आमचे मास्तर बी हेच म्हनत,
माह्या निबंधाले."

डिकीत शिरलो. डाव्या दिव्यामागे स्क्रू होता,
वर मोतिया रंगाचा जाड साय.
"पोरीच्या लग्नात मारला," तो म्हणाला,
"डॉक्टर नको म्हनत होते."
काचपेपर घासला. मोतियाखाली काळा,
काळ्याखाली तांबडा प्रायमर,
त्याखाली चार आण्याएवढं उघडं लोखंड.
तिथं तार आवळली.
ब्रेक दाबला : मागचा दिवा लाल, पूर्ण लाल,
बाकी सगळे आपापल्या घरी गप.

मग त्यानं मोठे लाइट लावले.
रस्त्यापलीकडे गोदामाच्या भिंतीशी
एक गाय बसली होती. तिचे डोळे हिरवे झाले.
तो बोलेना. मग बोलला :
"वडगावात वासरू आडवं होतं.
गाईमांगं गाडी लावली, हेच दोन लाइट.
डॉक्टर खांद्यापर्यंत आत,
अन् मी तीन घंटे ॲक्सिलेटर दाबून,
लाइट मंद नाही झाला पाह्यजे म्हनून.
पाय बधिर.
वासरू उभं राह्यलं, अन् कुडावर
आपलीच सावली पाहून भेलं.
एवढी मोठी ना ते."

नातवानं विचारलं, "मंग?"
"मंग काय. लाइट बंद केले."

पैसे सांगायचे माझे राहूनच गेले.
गाडी नाक्याकडे वळली,
कुणाची तरी बकरी आडवी आली असावी,
हॉर्न वाजला,
आणि ढगाचा ठिपका नसलेल्या त्या रात्री
वायपरनं कोरडी काच
एकदा पुसली.