देओलिंडाचं पाणी

साओ मिगेल बेटावर, देओलिंडाच्या काचघरात,
अननस पिकायला दोन वर्षं घेतात.
घाई फक्त भाच्याला.

तिची रीत जुनी: जांभळा कोबी चिरायचा, उकळायचा,
गाळलेल्या रसाचे थेंब विहिरीच्या पाण्यात.
गुलाबीकडे झुकलं तर झाडाला मानवेल.
हिरवट दिसलं की ती तोंड वाकडं करायची,
जसं काही पाण्यानं उलट उत्तर दिलंय.

झेफेरिनोनं लिस्बनहून कागदी पट्ट्या आणल्या.
इथल्या दमट हवेत त्या डबीतच ओलावल्या,
कुणी न विचारताच रंग सांगून मोकळ्या झाल्या.

मग मीटर. पेनाएवढं. सामूचा आकडा दाखवणारं.
"आकड्याला काय चव असते?" म्हणाली,
आणि कोबी चिरत राहिली.

परवा मात्र कपातला निळा
तिनं जांभळा म्हणून सांगितला.
तो गप्प बसला.
रस्त्याकडेच्या हायड्रेंजिया,
बेटाची आंबट माती निळाईत बोलणाऱ्या,
गेल्या आठवड्यात तिला राखाडी वाटल्या होत्या.

आज पहाटे तिनंच मीटर मागितलं.
"आधी खात्रीच्या द्रावणात बुडव.
खरं बोलायची सवय आहे का बघू याला."
सात म्हणजे सात.
मग विहिरीचं पाणी.

"सहा पूर्णांक नऊ," तो मोठ्यानं वाचतो.
ती डोळे मिटून ऐकते.
"कोबीत कसा दिसला असता रे?"

झेफेरिनोला माहीत नाही.
तो सुरी शोधायला आत जातो.